सनईला परवाना नाही

लंकेहून परत आले तेव्हापासून शाळेत, मोहल्ल्यात, बसमध्ये जो भेटतो तो विचारतो, "मग बाई, कसा झाला प्रवास?" लोकांना समुद्र ऐकायचा असतो, नारळाची झाडं आणि कागदी कंदील ऐकायचे असतात. ते सगळं मी पाहिलं, सांगणारही आहे. पण एका माणसाला आपली सनई घेऊन समुद्रापार जायचं असेल तर त्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते आधी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझं नाव शांता. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला, असं आमच्या घरी सगळेच म्हणतात.

बालाघाट

मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. किसनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. खैरलांजीकडे त्यांची थोडी धानाची शेती आहे. दीक्षेच्या आधी गावच्या लग्नात वाजवण्याचं काम आमच्या घराण्याकडे होतं. काम म्हणजे मर्जीचं नव्हे. बोलावणं आलं की जायचं, मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं, वऱ्हाड जेवून उठेपर्यंत वाजवायचं आणि मग उरलंसुरलं तिथेच बाहेर घ्यायचं. मामांच्या सनईवर कितीतरी लग्नं लागली, पण त्यांतल्या एकाही नवरीचं तोंड मामांनी पाहिलं नाही.

नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या दिवशी मामांनी सनई कापडात गुंडाळून आढ्याला बांधून टाकली. पुढे पाटलाच्या घरचं लग्न निघालं. माणूस बोलवायला आला तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "आता वाजवीन त बुद्धासमोर वाजवीन. आन बसून वाजवीन."

आमच्या लोकांत यावरून वाद झाला. आमच्या मोहल्ल्यातले दामोदरकाका म्हणजे सगळ्यांत वडीलधारे आणि सगळ्यांत कडक. जे सोडलं ते सोडलं, वाजा पुन्हा हातात धरायचाच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मामांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली, की उभ्याने कधी वाजवणार नाही. तेव्हा काकांनी मान हलवली. मग दर वैशाखी पौर्णिमेला मामा विहारात बैठक घालून वाजवू लागले.

एका वैशाखीला ते माझ्या आत्याकडे नागपूरला गेले होते. वस्तीच्या विहारात त्यांनी वाजवलं. तिथे यात्रेला आलेले लंकेचे एक गृहस्थ होते, गुणपाल मुदलाली. मुदलाली म्हणजे तिकडे बडा व्यापारी. त्यांनी ती सनई ऐकली आणि भर सभेत डोळे पुसले. पुढच्या वैशाखीला आमच्या गावच्या विहारात याच, म्हणाले. घरी गेल्यावर त्यांचं इंग्रजीत पत्र आलं. त्यात मामांचा व्यवसाय काय, घराणं कोणतं, अशी चौकशी होती. मी उत्तर लिहिलं: व्यवसाय शेती, घराणं शेतकऱ्याचं. लिहिताना मला कोण अभिमान वाटला! उलट टपाली आलेलं पत्र तर पहिल्याहून प्रेमाचं होतं. घरचे सगळे तुमची वाट पाहत आहेत, खोली तयार ठेवली आहे, वगैरे वगैरे. मामांना इंग्रजी येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून मी बरोबर निघाले.

मद्रास

छोट्या लाईनीने गोंदिया, तिथून नागपूर आणि पुढे मद्रास. या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, घाम सोडला तर. मद्रासला गोंदियाकडचे एक रेल्वेतले ओळखीचे होते, त्यांच्याकडे उतरलो. तिथल्या खाणावळीत केळीच्या पानावर भाताचा ढीग आणि त्यावर पाण्यासारखं सार वाढतात. मामांचं सार पानावरून पळत सुटलं आणि धोतरावर आलं. समोरचा माणूस हाताने भाताला बांध कसा घालायचा ते दाखवू लागला. मामा हसून मला म्हणाले, "सारा जल्मभर बांधच घातले, आन इथं येऊन बांध फुटला."

हसलो ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी लंकेच्या व्हिसाच्या दफ्तरात गेलो. खिडकीतल्या बाबूने मुदलालींचं पत्र वाचलं, आमचे अर्ज वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इथे लिहिलंय शेतकरी. पत्रात लिहिलंय वाजवायला येणार. हे शेतकरी आहेत की वादक?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही चालत नाही."

मग त्याने जे समजावून सांगितलं ते मी वाचकांसाठी नीट लिहून ठेवते. पुढेमागे आमच्यासारखं कोणी निघालं तर निदान डोळे उघडे ठेवून निघेल. नुसतं पाहायला जायचं असेल तर पाहुण्याचा व्हिसा. त्यावर चार माणसांपुढे वाजवायला बंदी, फुकट वाजवलं तरी बंदी. दुसरा यात्रेकरूचा. त्यावर विहार बघा, फुलं वाहा आणि परत या. आणि वाजवायचंच असेल तर कलावंताचा परवाना. त्याला तिकडच्या यजमानाची हमी लागते, तिकडच्या सरकारची मंजुरी लागते. वर इकडून पुरावा लागतो, की हा माणूस खराच वाजवणारा आहे, याच धंद्यातला आहे.

मी विचारलं, "बुद्धापुढे सनई वाजवणं हे दर्शन की धंदा?"

"त्याला रकाना नाही," तो म्हणाला. चेष्टेने नाही हो, अगदी मनापासून.

बरं, पुरावा म्हणजे काय? मामा काही कुठल्या संगीत विद्यालयात शिकले नव्हते, की कुठे पदक मिळालं नव्हतं. बाबू म्हणाला, पिढीजात वाजवणारे आहेत असा तहसीलचा दाखला आणा, म्हणजे झालं. मी धाकट्या भावाला तार केली. त्याने तहसीलच्या दारात खेटे घालून दाखला काढला आणि रजिस्ट्रीने पाठवला. तोवर आम्ही त्या रेल्वेवाल्यांच्या घरी संकोचून बसलेलो.

दाखला आला. हिंदीत होता. त्यात आमची ती जुनी जात लिहिली होती, जी टाकून आम्ही माणसं झालो. आणि खाली, "पुश्तैनी पेशा: गाँव के ब्याह में बाजा बजाना." बाबूने दुसऱ्याकडून अर्थ समजावून घेतला आणि खूश झाला. "हेच तर हवं होतं! आता व्यवसायात शेतकरी खोडा, इथे वादक लिहा, सही करा."

मामांनी मला विचारलं, "का लिवलं हाये?"

मी वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज चढत गेला आणि रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मामा मात्र शांत होते.

"हा मानूस मी नोहो," ते म्हणाले. "वापस दे त्याले."

"मामा, सही केली त तिथं मोकळेपणानं वाजवता येईल."

"पोरी, या कागदावर वाजवाचं असतं त पाटलाचा मांडव का वाईट होता?"

मला सांगा, हा कुठला न्याय? बड्या घरचा मुलगा सतार छेडतो, त्याला कोणी त्याच्या आजाचा धंदा विचारत नाही. त्याची कला ती कला. आमच्या माणसाची कला सिद्ध करायची तर त्याची जात पुढे करावी लागते, आणि तीसुद्धा त्याने टाकून दिलेली! कायद्याने जे पुसलं ते तहसीलच्या दौतीत अजून शिल्लक होतं. मी बाबूला हे सगळं इंग्रजीत सुनावलं. तो गोंधळला. माणूस दुष्ट नव्हता. खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाला, "यात्रेकरूचा देतो. विहारात पूजा म्हणून वाजवलं, तर कोण बघायला येतंय?"

म्हणजे वाजवायचं, पण चोरून. तो दाखला मी तिथेच फाडला आणि आम्ही यात्रेकरू झालो.

समुद्र

धनुष्कोडीला गाडी वाळूतून जाते. दोन्हीकडे पाणी, वर कोरडं ऊन. मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही नाही. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थू करून म्हणाले, "येवढं पानी आन धानाची एक बांधी नाही भिजत!" बोटीत मामांना मळमळेल म्हणून मी पिशवीभर लिंबं घेतली होती. ती सगळी मलाच लागली. मामा कठड्याला धरून उभे, गार वारा खात. मी खाली बसून लिंबू चोखत.

पलीकडच्या काठावर कस्टमवाल्याने सनई कापडातून काढली, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. मग पासपोर्टावर नोंद केली, की एक फुंकवाद्य, परत न्यायचं, जाहीर वादनास मनाई. बंदूक आणली असती तर याहून वेगळं काय लिहिलं असतं कोण जाणे.

मुदलालींचं गाव

पण देश सुंदर, यात वाद नाही. आपल्याकडे त्या दिवसांत झाडं करपलेली असतात, तेंदूपत्त्याशिवाय रानात काही हिरवं दिसत नाही. तिथे डोळे निवावेत असं हिरवं. मोठमोठे तलाव, त्यांच्या पाळीखाली धानाचे बांधे, अगदी आपल्या वारासिवनी-खैरलांजीकडे असतात तसे. मामा बसच्या खिडकीतून मान बाहेर काढून बसलेले. घरोघरी बांबूच्या कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे कंदील बांधणं चाललेलं. पौर्णिमेच्या आधीपासूनच माणसं रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून जेवू घालतात. कोण, कुठला, विचारत नाहीत. ते पाहून मला भरून आलं. एवढा मोठा देश, आणि सगळा आपला! आमच्या मोहल्ल्यात वैशाखीला आम्ही मूठभर माणसं असतो, आणि इथे स्टेशनमास्तरापासून टपालवाल्यापर्यंत सगळे पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालेले.

मुदलालींनी आमचं स्वागत अगदी सोयऱ्यासारखं केलं. नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या स्वतःच्या हाताने पानात वाढल्या. बरोबर लालभडक चटणी. मामांनी घास घेतला, थांबले आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "या चटणीत मासोळी हाये का?" होती. तिकडे सगळ्यातच असते. मामांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. आम्हाला खुर्च्या, टेबल, पाणी ओतायला नोकर. मुदलाली मामांशी बोलताना हात जोडून बोलत. मला वाटलं, बघा, बुद्धाचा देश! मी घरी पत्रसुद्धा लिहिलं तसं.

विहार टेकडीवर होता. तिथे ढोल वाजवणाऱ्यांचा एक उघडा मंडप आहे, आणि त्यांच्याबरोबर एक जण अगदी आपल्या सनईसारखं वाद्य वाजवतो, जरा आखूड. त्याचं नाव पुंचा. मामांच्याच वयाचा, उघड्या अंगाचा. मामांनी आपली सनई त्याला दाखवली, त्याने आपली मामांना. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर माझी गरज कोणाला पडली नाही. पुंचाच्या वाद्याची ओठांत धरून फुंकायची पत्ती ताडासारख्या कसल्या पानाची होती. मामांना ती फुंकता येईना, नुसतं फुस्स होई. पुंचा पोट धरून हसला. मामाही हसले. मामांना आपल्या सोबतीचा माणूस मिळाला, एवढं मला कळलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मुदलालींच्या ओसरीवर जेवत होतो. पुंचा फाटकातून आत आला. मामांसाठी त्याने नवी पत्ती करून आणली होती. अंगणात येऊन तो थांबला. ओसरीच्या पायरीला त्याने पाय लावला नाही. मुदलालींनी काहीतरी म्हटलं आणि नोकराने एक वीतभर उंचीचं पाटासारखं काही आणून त्याच्यापुढे टाकलं. पुंचा त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसला. मुदलालींची भाषा मला कळत नव्हती, पण कुणाला कसं हाकारलं जातंय हे कळायला आम्हाला भाषा लागत नाही. ते आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो.

मी विचारलं, "ते वर का नाही येत? खुर्ची रिकामी आहे."

मुदलाली हसले. "ते ढोलवाले लोक. राजाच्या काळापासून विहाराच्या सेवेला आहेत. त्यांना खुर्ची नसते."

"ते बौद्ध नाहीत?"

"आहेत ना! असं काय विचारता?"

"मग?"

"ते वेगळं, हे वेगळं," मुदलाली अगदी प्रेमाने म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं. आमच्याकडे सगळ्यांत वरची जात शेतकऱ्यांची. तुम्ही पत्रात लिहिलंत ना, शेतकरी घराणं म्हणून? माझ्या बायकोला मी लगेच म्हटलं, आपलीच माणसं आहेत. नाहीतर या वाजवणाऱ्यांचा काही भरवसा नसतो."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. जो शब्द मी छाती पुढे काढून लिहिला, त्याने मद्रासला आम्हाला परवाना नाकारला, आणि इथे खुर्ची दिली. खरं लिहिलं असतं, वाजंत्र्याचं घराणं म्हणून, तर आम्हीही त्या पाटावर बसलो असतो. या देशात! जिथल्या बोधिवृक्षापुढे डोकं टेकायला आम्ही एवढ्या लांबून आलो होतो! पाटलाचा राग येतो तो ओळखीचा राग आहे, त्याची सवय असते. हा राग नवा होता. आपल्याच घरात आपल्याला दाराबाहेर काढल्यावर येतो तसा.

"का म्हणते तो?" मामांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मामांनी हात धुतला. पुसला. मग म्हणाले, "सांग त्याले, मी वाजंत्री हावो."

"मामा..."

"सांग. माहा बाप वाजंत्री, त्याचा बाप वाजंत्री. सांग त्याले नीट."

मी सांगितलं. मुदलाली आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग त्यांची नजर मामांच्या खुर्चीवर गेली, पाण्याच्या भांड्यावर गेली. आतल्या दारात त्यांची बायको उभी होती, ती निघून गेली. मामा तोवर उठून अंगणात गेले होते आणि पुंचाशेजारी खाली मातीत बसून पत्ती पाहत होते.

मुदलाली माझ्याकडे वळून म्हणाले, "एक गोष्ट राहिली. तुमचा व्हिसा यात्रेकरूचा आहे. त्यावर वाजवायला मनाई आहे. उद्या त्यांनी विहारात वाजवू नये. मी कायद्याने चालणारा माणूस आहे."

काल हाच माणूस म्हणत होता, पूजाच तर आहे, व्हिसा कोण विचारतो! मी त्यांना काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. इंग्रजी संपल्यावर मी मराठीत बोलले आणि तेही त्यांना समजलं असावं, कारण ते आत गेले आणि परत बाहेर आले नाहीत. आमची ट्रंक संध्याकाळी नोकराने फाटकाशी आणून ठेवली. पुंचाच्या घरी आम्ही उतरलो. त्याच्या बायकोने फणसाची भाजी आणि भात वाढला. चटई एकच होती, तिच्यावर आम्ही सगळेच बसलो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी टेकडी कंदिलांनी भरून गेली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं फुलांची तबकं घेऊन हळूहळू वर चढत होती. मंडपात ढोलवाले उभे होते. त्या विहारात त्यांनी उभ्यानेच वाजवायची रीत आहे. मुदलाली आपल्या माणसांसह समोर आसनावर होते. दाराशी एक पोलीसही होता, माझं लक्ष त्याच्यावरच.

मामांनी मंडपात एका खांबाशी मांडी घातली, बुद्धाला हात जोडले आणि सनई काढली. मग पुंचाच्या हाताला धरून त्याला खाली ओढलं. बस, माझ्याजवळ बस, अशी खूण केली. पुंचा वाकला. अर्धा वाकला आणि त्याने समोर पाहिलं. मुदलाली त्याच्याकडेच बघत होते. पुंचा पुन्हा ताठ झाला. मामांनी परत त्याचा हात ओढला. पुंचाने मान हलवली, नाही नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी दुसरीकडे पाहिलं. त्याला बायकामुलं होती, विहाराच्या जमिनीवर त्याचं घर होतं. आम्ही दोन दिवसांनी बोटीत बसणार होतो.

मामांनी त्याचा हात सोडला. मग खांबाला धरून उठले आणि पुंचाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

दोघांनी मिळून वाजवलं. सूर जुळायला वेळ लागला, पुंचाची पट्टी चढी. पण एकदा जुळल्यावर तबकं घेऊन चढणारी माणसं जिथल्या तिथे थांबली. पोलिसाने टोपी काढून बगलेत धरली. मुदलालींनी डोळे पुसले की नाही ते मी पाहिलं नाही, मला पाहायचंही नव्हतं. मी रडत होते, आणि ते भक्तीने नव्हे. मला मुदलालींचा राग आला होता, मद्रासच्या खिडकीचा आला होता. आणि खरं सांगायचं तर मामांचाही आला होता. का उठले म्हणून.

पुन्हा बालाघाट

स्टेशनावर मोहल्ल्यातली बरीच माणसं आली होती. जयभीम झाले, बायकांनी मला गराडा घातला. दामोदरकाका काठी टेकत पुढे आले. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता.

"का किसन, वाजवलं का बुद्धाच्या देशात?"

"हौ काका. वाजवलं."

"बसून ना?"

मी मध्ये पडणार होते. गाडीत मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, की तिकडची रीत वेगळी, मान वेगळा, वगैरे. मामांनी मला हातानेच थांबवलं.

"नाही. उभ्यानं वाजवलं."

काकांचा चेहरा उतरला. हार धरलेला हात खाली गेला. "काहून, किसन? शपथ घेतली होती तू. मह्यासमोर घेतली होती."

"घेतली होती, काका," मामा म्हणाले. "आपन त बसलो. तिथला वाजंत्री अजून उभाच हाये."